डिसेंबरात सिलिकाचे कण एकसारखे आले, एप्रिलात काहून बिघडले?

गोदाकाठचा

नमस्कार मंडळी. मी एम.एस्सी. केमिस्ट्री सेकंड इयरला आहे नांदेडला. प्रोजेक्ट सिलिकाच्या गोल कणांवर चालूय, स्टोबरची पद्धत म्हणतात ती. रेसिपी साधीच, इथेनॉल १०० मिली, डिस्टिल्ड पाणी १० मिली, २५ टक्केवालं अमोनिया ६ मिली, हे स्टररवर फिरवायचं आणि वरून ५ मिली टीईओएस (ज्यातून सिलिका बनते ते द्रव रसायन) एकदम ओतायचं. डिसेंबरात केलं तर आठ-दहा मिनिटांत निळसर दुधाळ झालं, रात्रभर फिरवलं, सेंट्रिफ्यूज केलं, एसईएमला (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटो काढायला) बाहेर पाठवलं आणि फोटो बघून सर पण खूश, सगळे गोळे २५० नॅनोमीटरच्या आसपास, जसे काय साच्यातून काढलेत.

आता एप्रिलात सेम रेसिपी, सेम बाटल्या, सेम मी, आणि कण आले १५० चे. त्यात मी अजून एक शहाणपणा केला, म्हणलं चला मोठे करू, दुसऱ्या दिवशी त्याच फ्लास्कात अजून ५ मिली टीईओएस टाकलं एका दमात, वाटलं डबल टीईओएस म्हणजे डबल साईज. तर आता फोटोत दोन जाती दिसायलेत, एक १८० च्या आसपास आणि मधी मधी साबुदाण्याच्या चुऱ्यासारखे बारीक.

लॅबमधी एसी नाही, दुपारी ४० च्या वर जातंय, लाईट दिवसातून दोनदा जाती. प्रश्न दोनच. एक, हे कण मुळात एकसारखे काहून होतात, त्यांना कोण सांगतंय की २५० ला थांब म्हणून? दोन, माझं नेमकं चुकलं कुठं? न्यूक्लिएशन (कणाचं बीज पडणं) आणि ग्रोथ (ते वाढणं) पाठ आहे मला, परीक्षेत दीड पान लिहितो, पण समजत काही नाही खरं सांगायचं तर.

वाफसा

भाऊ मी बी.एस्सी. केमिस्ट्री करून आता शेती बघतो हिंगोलीकडं, त्यामुळं माझं शेतातलंच ऐक. सोयाबीन एकाच वाफशावर पेरलं, सगळीकडं सारखी ओल असली की सगळं एकाच दिवशी उगवतं आणि महिन्यानं बघितलं तर रान कसं कात्रीनं कापल्यासारखं दिसतं. आणि पावसानं दडी मारली की नांग्या पडतात, मग नांग्या भरा नाहीतर दुबार पेरणी करा, आणि ते मागून आलेलं रोपटं काय वाट्टेल ते खत टाका पहिल्याच्या खांद्याला लागत नाही. तुझ्या फ्लास्कात दुबार पेरणी झाली बघ, दुसरं काही नाही. ते बारीक चुरा म्हणतोस ना ते दुबारचं.

निवृत्त मास्तर

वाफसा, तुमची दुबार पेरणी मला फार आवडली, तीस वर्षं शिकवलं पण ही उपमा कधी सुचली नाही, आधी सुचली असती तर पोरं झोपली नसती. तेच आता जरा रसायनाच्या अंगानं सांगतो, लांबेल, चालवून घ्या.

टीईओएस म्हणजे मधे एक सिलिकॉन आणि त्याला चार इथॉक्सी हात. नुसत्या पाण्यात टाकलंस तर तेलासारखं वर तरंगतं, म्हणून इथेनॉल, दोघांनाही सांभाळून घेणारा. अमोनियामुळं द्रावणात हायड्रॉक्साइड येतो, तो सिलिकॉनवर धडकतो आणि एक इथॉक्सी हात इथेनॉल होऊन गळून पडतो. पहिला हात सुटायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, तो सुटला की पुढचे भराभर सुटतात. असे हात सुटलेले दोन रेणू एकमेकांना भेटले की मधून पाणी किंवा अल्कोहोल निघून जातं आणि सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन असा सांधा बसतो. हेच आम्लात केलंस तर लांब साखळ्या होतात आणि शेवटी भांड्यात जेली बसते. अल्कलीत चहूबाजूंनी सांधे पडतात म्हणून घट्ट गोळा होतो. स्टोबर, फिंक आणि बोन यांनी १९६८ साली हे नीट मांडलं, अमोनिया, पाणी आणि टीईओएसचं प्रमाण बदलून ०.०५ पासून २ मायक्रॉनपर्यंत हव्या त्या मापाचे गोळे त्यांनी काढून दाखवले.

आता एकसारखेपणा. लामेर आणि डिनेगर यांनी १९५० साली गंधकाच्या कणांवर काम करताना एक चित्र मांडलं, तेच तुझ्या पुस्तकात छापलेलं असतं. हात सुटलेला माल द्रावणात साठत जातो, विरघळण्याच्या मर्यादेच्या वर जातो तरी लगेच कण होत नाही, कारण इवलासा कण टिकणं अवघड, त्याचा पृष्ठभाग फार आणि पोट लहान. माल अजून चढतो, एका उंबऱ्याच्या वर गेला की एकदम असंख्य बीजं पडतात, ती बीजं माल खायला लागतात, पातळी उंबऱ्याच्या खाली येते, आणि नवीन बीज पडणं बंद. पुढं जो माल सुटेल तो आहे त्याच कणांवर बसतो. सगळ्यांची जन्मवेळ जवळजवळ एकच, म्हणून वयही सारखं आणि मापही सारखं.

थोडा फरक राहतोच, पण तो पुढं झाकला जातो. दोन वर्षांचा आणि चार वर्षांचा असे दोन भाऊ शेजारी उभे केले तर कोणीही ओळखेल, तेच साठ आणि बासष्टचे झाले की कोण थोरला ते घरच्यांनाच माहीत. सगळे कण सारख्याच वेगानं फुगत असले तर ५० नॅनोमीटरवर असलेला १० चा फरक म्हणजे २० टक्के, आणि २५० वर तोच १० म्हणजे फक्त ४ टक्के.

आणि २५० ला थांब असं कोणी सांगत नाही रे, टीईओएस संपतं तिथं ते थांबतात. हिशोब करून बघ. तुझे ५ मिली म्हणजे साधारण ४.७ ग्रॅम टीईओएस, त्यातून सिलिका निघणार १.३४ ग्रॅमच्या आसपास. कणाची घनता २ धरली तर २५० नॅनोमीटरचे कण झाले सुमारे ८० लाख कोटी. तेवढ्याच मालात १५० चे कण करायचे तर साडेचार पट जास्त कण लागतात. म्हणजे एप्रिलात तुझा माल कमी पडला नाही, खाणारी तोंडं वाढली. तुझ्या फ्लास्कात सगळं ठरतं ते पहिल्या काही मिनिटांत, किती बीजं टिकली त्यावर, रात्रभर जे फिरतं ते नुसतं जेवण.

डबल टीईओएसनं डबल साईज होत नाही, घनफळ डबल होतं. व्यास वाढतो दोनाच्या घनमुळानं, म्हणजे १.२६ पट. १५० चे झाले असते १९० च्या आत. तुझे १८० ला अडकले कारण थोडा माल त्या चुऱ्यानं खाल्ला. हिशोब जुळतो की नाही बघ.

लातूरची पोर

मास्तर काका तुमचा हिशोब एक नंबर, भावांचं उदाहरण तर मी ढापणार आहे. पण लामेरचं चित्र सिलिकाला जसंच्या तसं बसत नाही, यावर माझी पीएच.डी.ची दोन वर्षं गेलीत म्हणून जीव तोडून सांगते.

तुम्हीच म्हणालात ना पहिला हात सुटायला वेळ लागतो. मग माल तर तासन् तास हळूहळू येतच राहतो की, एकदम उंबरा ओलांडला आणि संपलं असं होत नाही. बोगुश आणि झुकोस्की यांनी १९९१ मधे हेच दाखवलं की नवीन बारीक बीजं बऱ्याच वेळापर्यंत पडत राहतात. मग तरी कण एकसारखे कसे? तर ती इवली बीजं, काही नॅनोमीटरची, एकटी टिकतच नाहीत. सिलिकाच्या अंगावर अल्कलीत ऋण भार असतो, मोठे कण त्या भारानं एकमेकांना लांब ढकलतात, पण बारीक कणाचा जोर कमी पडतो आणि तो जो समोर येईल त्याला चिकटतो, जास्त करून मोठ्यालाच. ओढे नाले रोज जन्मतात पण जाऊन मिळतात गोदावरीलाच, तसं. म्हणून बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की कणांची संख्या सुरुवातीलाच फिक्स झाली.

पुरावा सोपा आहे. जराशी मीठ टाका, म्हणजे खरंच सोडियम क्लोराईड, तर कण मोठे होतात, कारण मिठामुळं भार झाकला जातो आणि स्वतःच्या पायावर उभं राहायला कणाला अजून मोठं व्हावं लागतं. नुसतं मालाच्या पातळीवर सगळं ठरत असतं तर मिठाचा एवढा काय संबंध? आणि मीठ जास्त झालं की गोळे सोडून गठ्ठेच. गोदाकाठच्या, डिस्टिल्ड पाणी खरंच डिस्टिल्ड आहे ना? आमच्याकडं एकदा प्लांट बंद होता म्हणून कोणीतरी कॅनमधी बोअरचं भरून ठेवलेलं, आमच्या भागातलं बोअरचं पाणी तुम्हाला माहितेय, किटलीत पांढरा थर बसतो, आठ दिवस माझे कण गाठी गाठी होत होते आणि मी टीईओएसला शिव्या देत होते.

तुझ्या दुसऱ्या दिवशीच्या ५ मिलीचं पण यातूनच कळतं. एकदम टाकल्यावर इतकी बारीक बीजं एकाच वेळी सुटली की मोठ्या कणापर्यंत पोचायच्या आधी ती एकमेकांनाच भेटली, एकमेकांना चिकटून भार येण्याइतकी मोठी झाली, आणि मग मोठे कण त्यांना जवळ घेईनात. थेंब थेंब टाकलं असतंस तर ज्याला त्याला मोठं घर मिळालं असतं.

निवृत्त मास्तर

ताई, मिठाचा मुद्दा मान्य, बिनतोड आहे. माझं म्हणणं एवढंच की तुमच्या चित्रातही शेवटी किती कण स्वतःच्या पायावर उभे राहिले तेच मोजायचं आहे, आणि ते लवकर ठरतं. मी त्याला जन्म म्हणतो, तुम्ही जगणं म्हणता. मराठवाड्यात पेरलेलं किती आणि हाती लागलेलं किती यातला फरक मला तरी कळायला हवा होता म्हणा.

स्पिरिटवाला

इतकं कशाला, इथेनॉल चेक करा. अॅब्सोल्यूट लिहिलंय आणि आत रेक्टिफाइड स्पिरिट असणार, ५ टक्के पाणी फुकट. पैज लावतो.

लातूरची पोर

पैज हारशील दादा. पाणी वाढवत नेलं की कणाचं माप आधी चढतं, ७ मोलरच्या (लिटरमागे ७ मोल) आसपास शिखर गाठतं आणि मग उतरतं. याच्या फ्लास्कात १० मिली पाणी अधिक अमोनियाच्या बाटलीतलं पाणी (ते सगळेच विसरतात, २५ टक्के अमोनिया म्हणजे ७५ टक्के पाणीच) असं मिळून साडेसहा मोलर भरतंय. म्हणजे हा शिखराच्या जवळच बसलाय, तिथं ५ मिली पाणी इकडं तिकडं झालं तर माप फार हलत नाही. २५० चे १५० करण्याइतकं तर नाहीच नाही. अमोनियाकडं बघा.

स्टोअरकीपर परभणी

मी तेच म्हणणार होतो. मी शास्त्रज्ञ नाही, कॉलेजच्या लॅबमधी २२ वर्षं अटेंडंट आहे, बाटल्या ओळखतो. पोरा तू लिहिलं सेम बाटल्या. डिसेंबरात फोडलेली अमोनियाची बाटली एप्रिलात वापरायलास ना? ती बाटली किती जणांनी किती वेळा उघडली, बूच अर्धं लावून टेबलावर ठेवली, आणि आपल्याकडं मार्चपासून स्टोअर म्हणजे भट्टी. अमोनिया हा गॅस आहे, पाण्यात मुश्किलीनं बसलेला, ऊन लागलं की उठून चालता होतो. लेबलवर २५ छापलेलं असतं, ते भरलं त्या दिवशीचं. आत्ता आत किती आहे ते लेबलला काय माहीत.

टायट्रेट कर, म्हणजे आम्ल टाकत जाऊन आत अमोनिया किती ते मोज, अर्ध्या तासाचं काम. १ मिली पिपेटनं (तोंडानं ओढू नको, बल्ब लाव, आमच्याकडं एकानं ओढलेलं, दोन दिवस चव नव्हती त्याला) ५० मिली पाण्यात सोड, मिथाईल रेड टाक, आणि त्याचा रंग बदलेपर्यंत अर्धा नॉर्मल एचसीएल. ताजी बाटली असली तर सत्तावीस मिलीच्या आसपास जाईल. तुझं किती जातंय ते इथं सांग. आणि नवीन बाटली दुपारी उघडू नको, सकाळी उघड, फ्यूम हुडमधी, आधी थंड पाण्यात ठेवून, नाहीतर तोंडावर फस्सकन येतं. टीईओएसला पण जपून, त्याची वाफ डोळ्याला वाईट.

गोदाकाठचा

सगळ्यांना लई थँक्स, मला वाटलं नव्हतं एवढं कोणी लिहील. काका तुमच्या म्हणण्याप्रमाणं केलं. तीन वेळा केलं कारण पहिल्यांदा विश्वास बसंना. १८ मिली. म्हणजे बाटलीत १३ मोलरच्या वर पाहिजे होतं तिथं ९ च आहे. माझ्या फ्लास्कात ०.६६ मोलर समजून मी ०.४५ टाकायलो होतो. पाणी डिस्टिल्डच आहे ताई, सिल्व्हर नायट्रेट टाकून बघितलं, मीठ असतं तर पांढरं झालं असतं, झालं नाही.

पण मग एक कळंना, अमोनिया कमी म्हणजे रिॲक्शन हळू व्हायला पाहिजे ना? इथं तर चार मिनिटांतच दुधाळ झालं, डिसेंबरापेक्षा लवकर.

लातूरची पोर

कारण तू एका वेळी दोन गोष्टी बदलल्यास. अमोनिया कमी झालं त्यानं रिॲक्शन हळू, पण ४० डिग्रीनं ती पळवली, आणि माप दोघांनीही एकाच दिशेला ओढलं, खाली. गरम द्रावणात बीजं भराभर आणि जास्त पडतात, त्यामुळं कण लहान. अमोनिया कमी झालं की पण या रेंजमधी कण लहानच येतात. नुसत्या अमोनियानं तू १६०-१६५ पर्यंत आला असतास असा माझा अंदाज, उरलेलं उन्हाचं.

एसी नसला तरी चालतंय. फ्लास्क टबात ठेव, टबात माठाचं पाणी, थर्मामीटर लावून २५ च्या आसपास धर, पहिला अर्धा तास तरी हलू देऊ नको. टीईओएस पण त्याच टबात आधी थंड करून घे. आणि लाईट जायची वेळ बघून सुरू कर, नंतर स्टरर थांबला तर एवढं बिघडत नाही पण टीईओएस ओतायच्या वेळी थांबला तर गेलं.

वाफसा

माठाच्या पाण्यावर नॅनोटेक्नॉलॉजी. हे पेपरमधी लिही रे, मटेरियल्स अँड मेथड्समधी.

गोदाकाठचा

लिहिणार 😄 अजून एकच. एसईएमचा नंबर तीन आठवड्यानं लागतो आणि दर वेळी पैसे. तोपर्यंत नीट आलं का नाही कसं कळणार?

निवृत्त मास्तर

याला एक जुनी युक्ती आहे, फुकटातली. काचेची स्लाईड घे, धुतलेले कण इथेनॉलमधे चांगले हलवून एक थेंब तिच्यावर टाक, वर वाटी झाकून हळूहळू वाळू दे, पंखा बंद. कण खरोखर एकसारखे असले तर वाळताना ते दुकानातल्या संत्र्यांसारखे रचून बसतात, थरावर थर, आणि त्या थरांवरून उजेड परतताना एकच रंग जोरात येतो. ओपल नावाचा मौल्यवान खडा असाच चमकतो, त्यात रंगाचं द्रव्य काहीच नसतं, नुसते सिलिकाचे गोळे ओळीत बसलेले, १९६४ मधे ऑस्ट्रेलियात सँडर्स यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ते दाखवलं. आपल्या रानात गारगोट्या सापडतात ती पण सिलिकाच, पण ती अशी रचलेली नाही म्हणून नुसती पांढरी.

हिशोब असा. थरांमधलं अंतर व्यासाच्या ०.८२ पट, मधली हवा धरून सरासरी अपवर्तनांक (उजेड आत किती मंदावतो तो आकडा) १.३५. दोन्हींचा गुणाकार करून दुप्पट कर. २५० चे कण असले तर ५५० नॅनोमीटरच्या आसपास येतं, म्हणजे हिरवा. ३१५ चे असले तर लालसर. १५० चे असले तर ३३० येतं, ते अतिनील, डोळ्याला दिसणार नाही, स्लाईड नुसती चुन्यासारखी पांढरी. आणि दोन जातींची भेसळ असली तर रचनाच बसत नाही, तरी पांढरीच. सरळ वरून बघ, तिरकं बघितलंस तर रंग निळ्याकडे सरकतो.

तुझ्या एप्रिलच्या मालाची स्लाईड आधी करून बघ, पांढरी आली तर युक्तीवर विश्वास बसेल.

गोदाकाठचा

(सहा दिवसांनी) एप्रिलवाली पांढरी आली. डिसेंबरची थोडी पावडर डबीत शिल्लक होती, ती इथेनॉलमधी सोनिकेट करून (ध्वनिलहरींनी हलवून) टाकली, पण तिच्यात पण काही दिसंना, बहुतेक वाळून गठ्ठे झालेत म्हणून. मन खट्टू झालं.

मग नवीन बाटली, सकाळी सहाला उघडली, टायट्रेट करून ६ मिलीच्या जागी ६.१ घेतलं, टबात माठाचं पाणी, २५-२६ धरलं, बर्फाचे दोन तुकडे लागले मधी. दुधाळ व्हायला नऊ मिनिटं, डिसेंबरासारखीच. यावेळी वाळवलंच नाही, सेंट्रिफ्यूज करून सरळ इथेनॉलमधी ठेवलं आणि स्लाईड केली. रात्री वाटी झाकून गेलो. सकाळी आमच्या लॅबचे अटेंडंट काका आधी आलते, त्यांनी स्लाईड खिडकीत धरली आणि मला फोन केला की पोरा तुझ्या काचेवर मोराचं पीस पडलंय का बघ. कडेकडेनं हिरवं आहे, मधी जरा ढगाळ. मोठं करायचं आहे अजून, ४०० पर्यंत, मास्तरांच्या हिशोबानं साडेपंधरा मिली टीईओएस लागतंय, सिरिंजनं थेंब थेंब टाकायला किती तास द्यावे लागतील कोणी सांगता का?

लातूरची पोर

निदान आठ. आणि डबा सोबत घेऊन बस.